एका शेंगेला दीड मिनिट

मावशीच्या घरात दातांना तोटा नव्हता. पुढच्या खोलीतल्या लांब टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग असायची, कपाटात छटांप्रमाणे लावलेल्या दातांच्या पट्ट्या आणि कान तुटलेल्या कपात पाण्यात बुडवून ठेवलेली एखादी कवळी. नवा माणूस आत आला की आधी बिचकायचा आणि मग नकळत स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवायचा. पस्तीस वर्षं ती कवळ्या करत होती. शहरातले तीन दंतवैद्य तिच्याकडे जबड्यांचे ठसे पाठवायचे. ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणात दात बसवायची, घासूनपुसून चकचकीत करून परत पाठवायची. अर्धं शहर माझ्या दातांनी जेवतं, असं ती म्हणायची, आणि त्यात फुशारकीपेक्षा खरं जास्त होतं.

तिला सगळेच मावशी म्हणत. दंतवैद्य म्हणत, पार्सलवाला म्हणे, वरच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल तिच्याहून चार वर्षांनी मोठे, तेही म्हणत. खरी भाची मात्र एकच होती, आणि ती दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी समुद्रापलीकडे निघून गेली होती.

बहीण गेली तेव्हा ही पोर नऊ वर्षांची होती. बापाने वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला, आणि मावशीने पोरीला हाताला धरून घरी आणलं ते कायमचं. मावशी तिला ठकू म्हणायची. ठकूचा अभ्यास त्याच लांब टेबलाच्या टोकाला झाला, जबड्यांच्या शेजारी. गणित सुटलं नाही की ती उरलेल्या मेणाचे हत्ती करत बसायची. त्यातले दोन हत्ती अजून खिडकीत होते. एकाची सोंड उन्हाने वाकून जमिनीला टेकली होती.

मावशीच्या जिभेला हाड नव्हतं. दंतवैद्याने ठसा वाकडा घेतला तर ती त्याला फोन करून विचारायची की ठसा माणसाचा घेतलाय की घोड्याचा. पण मायेचं एक वाक्य बोलायची वेळ आली की तिची दातखीळ बसायची. ठकू निघाली त्या दिवशी विमानतळाच्या दारात सगळ्यांच्या आया रडत होत्या, आणि मावशी ठकूला सांगत होती की बॅगेची चेन नीट लाव, ती बाई बघ, तिची अर्धी बॅग बाहेर लोंबतेय. घरी येऊन मात्र तिने त्या रात्रीचं जेवण केलं नाही आणि दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या वरच्या जबड्यात सुळे उलटसुलट बसवले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

ठकू जाताना मागे एकच जिवंत गोष्ट ठेवून गेली होती. रस्त्यावरच्या झाडाची फांदी तोडली तेव्हा खारीचं एक पिल्लू फुटपाथवर पडलं होतं, अंगठ्याएवढं, डोळे मिटलेलं. ठकूने ते रुमालात उचलून आणलं आणि दोन-दोन तासांनी ड्रॉपरने दूध पाजून जगवलं. डोळे उघडले ते कोटाच्या बटणांसारखे काळेभोर आणि गोल, म्हणून त्याचं नाव बटण्या. थोडा मोठा झाल्यावर त्याला दोनदा मागच्या अंगणातल्या झाडावर सोडून पाहिलं. दोन्ही वेळा दिवे लागायच्या आत तो खिडकीतून परत आला आणि पडद्यावर चढून बसला, वर त्या दोघींवरच चकचक करून ओरडला. तेव्हापासून तो घरचाच.

रोज संध्याकाळी साडेसहाला ठकूचा फोन यायचा, तोंड दिसणारा. तिकडे तेव्हा तिची जेवणाची सुट्टी. विमानांच्या खुर्च्या शिवणाऱ्या कारखान्यात ती शिलाई तपासायची, आणि सुट्टीच्या अर्ध्या तासात मागच्या जिन्यावर बसून डबा खाता खाता फोन लावायची. मावशी फोन टेबलावर एका प्लास्टरच्या जबड्याला टेकवून उभा करायची. मग पहिली चौकशी बटण्याची. बटण्या कुठाय, काय करतोय, जेवला का. मावशी डब्यातून भुईमुगाची एक शेंग काढायची. बटण्या कुठेही असला तरी डब्याचं झाकण वाजलं की हजर. तो मागच्या पायांवर बसायचा, शेंग दोन्ही हातांत धरून फिरवायचा, टरफल कुरतडून उडवायचा, दाणा गालात दाबायचा, आणि तिकडे समुद्रापलीकडे ठकू चमचा हवेत धरून बघत राहायची.

एका शेंगेला दीड मिनिट लागायचं. मावशीचा सगळा जन्म प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघण्यात गेला होता; तिला मिनिटं घड्याळाशिवाय कळायची.

तेवढ्या दीड मिनिटात बोलणं व्हायचं. ठकू सांगायची की आज तिने एका खुर्चीत टाका निसटलेला पकडला, तिच्या खोलीच्या खिडकीतून एक भिंत दिसते, तिकडची भाजी पाण्यासारखी लागते. शेंग संपत आली की मावशीला वाटायचं, आता ही म्हणणार, ठेवते. ते ऐकायला नको म्हणून मावशीच आधी म्हणायची, "चल, ठेव आता, तुला कामं असतील." त्यावर ठकू म्हणायची, "अजून एक दे ना त्याला." पोरीचा जीव आहे खारीवर, असं मावशी मनात म्हणायची, आणि हात डब्यात घालायची. मग पुढचं दीड मिनिट. पुन्हा 'ठेव आता', पुन्हा 'अजून एक'. पहिल्या वर्षी रोजच्या दोन-तीन शेंगा होत्या. दुसऱ्या वर्षी पाच, सहा, आणि ठकूला सुट्टी जास्त असली तर सात. इतक्या खाल्ल्यावर बटण्या पालेभाजीकडे ढुंकूनही बघायचा नाही. मावशीला वाटायचं, खातोय ना, बरंय. पोट भरल्याशी कारण.

खरं सांगायचं तर तिला बटण्याच्या पोटाचं काही पडलं नव्हतं. तिला फोन चालू राहायला हवा होता.

मग एके दिवशी डब्याचं झाकण वाजलं आणि बटण्या पडद्यावरून उडी न मारता हळूहळू उतरून आला. मावशीने त्याला आळशी म्हटलं. चार दिवसांनी तो टेबलावर चढताना घसरून पडला. आणखी दोन दिवसांनी, सकाळी, तो खोक्यातून बाहेर आला तो पुढच्या दोन पायांवर. मागचे दोन नुसते ओढले जात होते. तरी झाकण वाजेल म्हणून तो टेबलाखाली येऊन थांबला होता. मावशीने मेण कापायचा चाकू टेबलावर टाकला आणि खाली वाकली.

बारक्या जनावरांना बघणारी डॉक्टरीण शहराच्या दुसऱ्या टोकाला बसायची. मावशीने बटण्याला दातांच्या पार्सलच्या खोक्यात कापूस घालून नेलं. डॉक्टरीण वयाने ठकूएवढीच असेल. तिने बोटांनी त्याचा कणा चाचपला, जबडा हलवून पाहिला, एक्स-रे काढला आणि तो दिव्यासमोर धरला. मावशीने आयुष्यभर माणसांच्या जबड्यांचे एक्स-रे पाहिले होते. हाड कसं पांढरं उठून दिसायला हवं हे तिला शिकवायची गरज नव्हती. इथे हाडं जेमतेम दिसत होती, पाटीवर पुसलेल्या खडूसारखी.

"खातो काय हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शेंगा, मावशीने सांगितलं. किती, असं विचारल्यावर तिने दोन सांगितल्या, मग चार, आणि डॉक्टरीण गप्प राहून बघत राहिली तेव्हा खरा आकडा सांगितला.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, आणि रागवून नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. नुसत्या दाण्याबियांत हाडांना लागणारं कॅल्शियम फार थोडं असतं, आणि फॉस्फरस भरपूर असतो, तो उलट त्याचा तोल घालवतो. रक्ताला तर कॅल्शियम हवंच. खाण्यातून मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. रोज थोडं थोडं. बाहेरून जनावर गुबगुबीत दिसतं आणि आतून पोखरत जातं. बाळगलेल्या खारींना हे फार होतं, ती म्हणाली, कारण लोकांना त्यांना खाताना बघायला आवडतं.

मावशीने सांगून पाहिलं की ऊन तरी मी रोज देते, खोका खिडकीतच असतो. खिडकी उघडी असते का, हा पुढचा प्रश्न. उघडी कशी असेल? वारा आला की प्लास्टरची भुकटी घरभर होते, शिवाय कावळे.

"काचेतून उजेड येतो, मावशी, ऊबही येते. पण हाडांना जे लागतं ते काचेपलीकडेच राहतं."

मावशीच्या पर्समध्ये फोन होता, आणि तिने उगाचच पर्सची चेन लावली.

उपचार असा ठरला. दाणे, बिया, शेंगा पूर्ण बंद. कॅल्शियमच्या गोळीची पूड करून, लिहून दिलेल्या मापाने पाण्यात कालवून, गोडीला मधाचा थेंब घालून, सुई नसलेल्या बारक्या सिरिंजने दिवसातून सहा वेळा पाजायची. पालेभाजी बारीक चिरून. खोका बुटका, तळाला मऊ कापड, चढायला काही ठेवायचं नाही. आता उडी मारली तर हाड मोडेल. सकाळी अर्धा तास खरं ऊन, जाळीच्या पिंजऱ्यात. आणि चार दिवसांत तो पळायला लागला तरी औषध थांबवायचं नाही. हाडं भरायला महिनोन्‌महिने लागतात. झटके आले तर तसंच उचलून घेऊन यायचं.

मावशीने विचारलं, वाचेल का. पंधरा दिवस काढू देत, एवढंच उत्तर मिळालं.

कामाला मावशी वाघीण होती. रंगाची पूड घोटायचा छोटा खल तिने उकळून घेतला, गोळी अशी घोटली की बोटाला कण लागू नये. प्लास्टर मोजायच्या काट्यावर माप केलं. टेबलावरच्या घड्याळाला सहा गजर लावले, पहिला सकाळी सातचा, शेवटचा संध्याकाळी सातचा. पण औषध करणं वेगळं आणि बटण्याच्या पोटात जाणं वेगळं. पहिल्या दिवशी निम्मं त्याच्या मिशांना लागलं, निम्मं मावशीच्या चष्म्याला. ती त्याला रुमालात गुंडाळायची, बोटाने हनुवटी वर करायची, आणि दाताच्या कण्या करायची: घे रे राजा, एवढं घे, तुझ्या आजोबांच्या वयाच्या लोकांना मी चावायला शिकवलंय, तुला गिळता येत नाही? तो थोडं गिळायचा, मग रुमालातून एक हात बाहेर काढून तिचं बोट धरायचा आणि डब्याच्या फळीकडे मान वळवायचा. तेवढं मात्र तिला बघवत नसे.

साडेसहाला फोन वाजला. मावशीने तोंडावर पाणी मारलं, फोन जबड्याला टेकवला आणि सांगितलं, झोपलाय. ठकूने विचारलं, या वेळेला? हो, उन्हाचा दमलाय. ठकू थोडा वेळ डब्यात चमचा फिरवत राहिली. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मावशीला एकही विषय सुचेना. कवळ्यांचं काय सांगायचं? तिच्या तोंडून नेहमीचं निघून गेलं, "चल, ठेव आता, तुला कामं असतील." ठकू म्हणाली बरं. दोन मिनिटंही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर दीड मिनिटात आटपलं, म्हणजे एक शेंग. मावशी काळ्या झालेल्या पडद्यासमोर बसून राहिली. घ्या, ती मनात म्हणाली, झाली ना खात्री? फोन बटण्याला यायचा. आपण नुसतं झाकण वाजवणारी बाई. हा गेला की वाढदिवसाला फोन, मग तोही नाही. तिला पोरीचा राग आला, मग पोरीचा राग आल्याबद्दल स्वतःचा आला, आणि शेवटी नुसती आठवण येत राहिली. त्या टेबलाच्या टोकाला वाकून मेणाचे हत्ती करणारं डोकं, वेणीतून सुटलेले केस, पेन्सिल चावायची सवय. पेन्सिल चावू नकोस, दात वाकडे होतील, असं ती हजारदा ओरडली होती. आता कुणी येऊन सगळ्या पेन्सिली चावून टाकल्या असत्या तरी चाललं असतं.

पाचव्या दिवशी सव्वासहाला ती स्टुलावर चढली आणि शेंगांचा डबा खाली काढला. एकच, ती म्हणाली. एकीने काय होतंय? बटण्याने झाकणाचा आवाज ऐकला. खोक्याच्या तळाशी तो पुढच्या हातांवर उठला आणि मागचा भाग ओढत कडेपर्यंत आला, आणि दोन्ही हात पुढे करून थांबला. बसता येत नव्हतं, म्हणून कडेला छाती टेकवली होती. मावशीने शेंग हातात धरली होती. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती डबा घेऊन तशीच वरच्या मजल्यावर गेली आणि ग्रंथपालांच्या हातात ठेवून आली.

ग्रंथपालांच्या तोंडात मावशीचीच कवळी होती. ते शेंगा बघून म्हणाले, मावशी, ही परीक्षा माझी की तुमच्या कामाची? एरवी तिने सडेतोड उत्तर दिलं असतं. आज ती दारातच उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि बसायला खुर्ची ओढली. काय झालं ते तिने तुकड्या-तुकड्याने सांगितलं, शेंगांचं खरं कारण सोडून. ग्रंथपाल म्हणाले, पोरीला कळवा. आजार लपवला की घरात दोन आजार होतात. मावशी म्हणाली, बघू. आणि खाली आली.

तिने कळवलं नाही. आठव्या दिवसापर्यंत बटण्या बरा वाटत होता. मागचा एक पाय थोडा उचलायला लागला होता. मावशी हुरळली. दुपारी एका जबड्याचं काम घाईचं आलं, कवळी संध्याकाळपर्यंत हवी होती, आणि एक गजर वाजला तो तिने हाताने बंद केला, एवढे चार दात बसवून उठते म्हणून. चाराचे चौदा झाले. पुढच्या गजरालाही माप अर्धंच गेलं, कारण तो चिडला होता आणि तिला घाई होती. आता बरा आहे, चालेल, असं ती म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी खोक्यातून खडखड आवाज आला. बटण्याचं अंग ताठ झालं होतं, पाय थरथरत होते, डोळ्यांची बटणं उघडी होती पण बघत नव्हती. मावशीने खोका उचलला आणि पायात एक चप्पल एक सपाता घालून निघाली. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. अर्धा तास मावशी त्या बाकावर बसून होती, आणि तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: आधी रोज दोन-तीन, मग रोज सहा, दोन वर्षं. प्रत्येक शेंगेमागे त्याच्या हाडातला एक कण गेला आणि तिला दीड मिनिट मिळालं. ज्या पोरीने त्याला ड्रॉपरने जगवलं तिचा आवाज ऐकायला मावशीने त्याचाच जीव कुरतडून खाल्ला होता.

बटण्याने डोळे मिटले, उघडले आणि तिचं बोट शोधलं. डॉक्टरीण म्हणाली, या वेळी निभावलं. मापात आणि वेळेत कसूर नको.

संध्याकाळी साडेसहाला फोन आला. मावशीने झोपलाय म्हणायला तोंड उघडलं आणि ठकूने हात वर केला. आज तिच्यासमोर डबा नव्हता.

"मावशी, खरं सांग. तो आहे ना?"

मावशीने उठून खोका आणला आणि फोनसमोर ठेवला. बटण्या कापडावर कुशीवर पडला होता, मिशांना पांढरं औषध सुकलेलं. झाकणाचा आवाज नव्हता तरी त्याने मान उचलून पडद्याकडे पाहिलं. ठकूने तोंडावर हात ठेवला. मग तिने विचारलं कधीपासून, काय झालं, डॉक्टर काय म्हणतात, आणि मावशीने सगळं क्रमाने सांगितलं, काम समजावून सांगावं तसं, पुडीचं माप, गजर, ऊन. शेवटी ठकूने विचारलं, पण झालं कशाने.

वय झालं म्हणता आलं असतं. खारींना होतंच म्हणता आलं असतं. ठकूने मानलंही असतं.

"शेंगांनी," मावशी म्हणाली. "मी दिल्या त्यांनी."

"त्याला आवडायच्या म्हणून दिल्यास ना."

"नाही." दातखीळ बसत होती, पण मावशीने जबडा सोडवला, जबडे हाच तर तिचा धंदा होता. "त्याची शेंग संपली की तू फोन ठेवायचीस. एका शेंगेला दीड मिनिट लागतं. मी मोजलंय. म्हणून देत गेले."

ठकू जिन्यावर बसली होती, तिच्यामागून दोन माणसं हसत खाली उतरून गेली. मावशीला वाटलं, आता ही ठेवेल, आणि ठेवलाच पाहिजे.

"मी ठेवायचे?" ठकू म्हणाली. "मावशी, शेंग संपली रे संपली की तूच म्हणायचीस, ठेव आता. रोज. मला वाटायचं, तुला काम असतं, मी खोळंबा करते. तू फक्त त्याला दाखवायला फोन उचलतेस."

मावशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणून तर मी म्हणायचे," ठकू म्हणाली, "अजून एक दे ना त्याला."

दोघींच्या मध्ये खोक्यात बटण्या पडला होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, ठकूनेही तिकडून पाहिलं. त्याच्या हाडांचा चुना दोघींनी मिळून खाल्ला होता, दोन टोकांनी, एकमेकींना न सांगता. कुणी कुणाला रागवायचं हा प्रश्नच उरला नव्हता. तिकडची घंटा वाजली. ठकूने बाहीने डोळे पुसले आणि उठता उठता म्हणाली की उद्या त्याला दाखवू नकोस, त्याला पडू दे, तू बस. मावशी सवयीने ठेव आता म्हणणार होती. या वेळी तिने तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने सहापासून तयारी केली. बटण्याचा खोका आतल्या खोलीत नेऊन ठेवला. केस विंचरले, चष्मा पुसला. रोज पिंजरा अंगणात ठेवून ती कामाला बसायची; त्या दिवशी सकाळीच पुढची खिडकी तिने सताड उघडली होती, भुकटी उडाली तर उडो, आणि जाळीच्या पिंजऱ्याशेजारी स्टूल टाकून त्याच्याबरोबर अर्धा तास उन्हात बसली होती. तिचे गुडघेही गेली पाच वर्षं कुरकुरत होते. तिला वाटलं, आपणही काचेमागेच राहिलो इतके दिवस.

साडेसहाला ठकू पडद्यावर आली. बटण्या नसलेल्या टेबलामागे मावशीला हातांचं काय करावं कळेना. शेवटी तिने एक जबडा पुढे ओढला आणि मेणात दात बसवू लागली. ठकूने विचारलं, हे कुणाचे? मग मावशीने सांगितलं की एका गायनमास्तरांचे, त्यांना पुढच्या दोन दातांत फट हवीये, आधीची होती तशीच, नाहीतर म्हणे सूर वेगळा लागतो. ठकू हसली. किती दिवसांनी ती तशी हसली, हिरड्या दिसेपर्यंत. मग तिने सांगितलं की तिच्या खोलीच्या भिंतीला तिने चित्र लावलंय, आणि तिकडे तिला मैत्रिणी फार नाहीत, आणि अधूनमधून डबा खाववत नाही. हे सगळं दोन वर्षं कुठे होतं? पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंचवीस झाली. शेंग एकही नाही.

मावशीने दात बसवायचा हात थांबवला.

"ठकू, ये ग एकदा. असं काचेतून बघून लागत नाही अंगाला."

ठकूने फोन जवळ धरला. "तू कधी म्हणालीच नाहीस ये म्हणून," ती म्हणाली. "मी वाट बघत होते." रजा वसंतात मिळेल, ती म्हणाली, त्याआधी नाही, सात महिने आहेत. मावशी म्हणाली सात तर सात, बटण्याच्या हाडांनाही तेवढेच लागणार आहेत, दोघं एकदम बरे व्हाल.

तिकडे घंटा वाजली. ठेव असं कुणीच म्हणालं नाही. ठकू म्हणाली, मी जाते आत, पण फोन चालू राहू दे, आणि तिने फोन तसाच खिशात टाकला. पडदा काळा झाला. आतून कापडाची सळसळ येत होती, आणि जिना चढणारी तिची पावलं, डावा पाय जरा जोरात टाकायची तिची सवय अजून तशीच. एवढ्यात सातचा गजर वाजला. मावशीने फोन उचलून आतल्या खोलीत नेला, खोक्याशेजारी ठेवला, सिरिंज भरली, आणि ती पावलं ऐकत ऐकत बटण्याला सगळं औषध पाजलं, थेंब न सांडता.